दर्जेतली वाळू

पावसाळ्यात फुटपाथवर हा प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला आलेला असतो. वरून अगदी साधासरळ दिसणारा पेव्हर ब्लॉक. त्यावर पाय पडतो, तो एका अंगाला कलतो आणि फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी नेमकी इस्त्रीच्या कपड्यांवर उडते. आपण ठेकेदाराला आणि नगरपालिकेला चार शब्द सुनावतो आणि पुढे जातो.

ती पिचकारी मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे. पाऊस तर स्वच्छ पडलेला असतो, मग हे पाणी गढूळ का? ब्लॉकच्या खाली वाळूची गादी असते. फटीतून उतरलेलं पाणी तिच्यात साचतं. ब्लॉक डुगडुगला की ते दाबलं जातं आणि बाहेर पडताना वाळूतले बारीक कण घेऊन येतं. म्हणजे प्रत्येक पिचकारीमागे खालची गादी चिमूटभर कमी होते. गादी कमी झाली की ब्लॉक अजून डुगडुगतो, आणि पुढची पिचकारी अजून मोठी उडते. या साऱ्या दुखण्याची सुरुवात मात्र ब्लॉकच्या शेजारी झालेली असते. दोन ब्लॉकांमधल्या तीनेक मिलिमीटरच्या फटीतली वाळू आधीच कधीतरी निघून गेलेली असते.

या फटीला गवंडी दर्ज म्हणतात. अनेक असल्या की दर्जा, आणि त्या बुजवण्याचं काम म्हणजे दर्जा भरणं. शब्द फारसीतून आलेला. तिकडे त्याचा अर्थ कपड्याची शिवण, आणि शिवणकाम करणारा तो दर्जी. कामाचा ‘दर्जा’ हा शब्द वेगळ्या घराण्यातला, अरबीतून आलेला. गवंडीकामात या दोघांची गाठ रोज पडते, एवढाच त्यांचा संबंध. पण शिवण हा अर्थ मनात धरून अंगणाकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. शिंप्याला कुणी ‘शिवणीची जागा कमी करून द्या’ असं सांगत नाही. अंगणाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच सांगत असतो.

दर्ज काम काय करते ते पाहू. नेहमीचा आयताकृती ब्लॉक २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ६० जाड असतो. वजन साधारण पावणेतीन किलो. हा वाळूवर एकटा ठेवला आणि त्याच्या एका कडेवर टाच दिली तर तो लगेच कलेल, कारण सगळा भार त्या कडेखालच्या मूठभर वाळूवर येतो. आता त्याच्या चारही बाजूंना दुसरे ब्लॉक ठेवा आणि मधल्या फटींत कोरडी वाळू ठासून भरा. वाळूचे टोकदार कण दोन्ही बाजूंच्या सिमेंटला घासून पाचरीसारखे अडकतात. मधल्या ब्लॉकला खाली जायचं तर शेजाऱ्यांनाही ओढून न्यावं लागतं, त्यांना त्यांच्या शेजाऱ्यांना. भार असा हातोहात वाटला जातो. ‘इंटरलॉकिंग’ हे नाव ऐकून लोकांना वाटतं की ब्लॉकच्या नागमोडी कडा एकमेकींत अडकतात म्हणून अंगण घट्ट बसतं. नागमोडी कडांची मदत होते, पण घट्टपणाचा मोठा वाटा या वाळूचा. दर्जा रिकाम्या असतील तर कितीही नागमोडी ब्लॉक आणा, तो डुगडुगणारच.

ही वाळू लागते तरी किती? वर सांगितलेल्या मापाचे ब्लॉक आणि ३ मिलिमीटरची दर्ज धरली तर एका चौरस मीटरला जेमतेम पावणेतीन लिटर. शंभर चौरस फुटांना पंचवीस लिटर, म्हणजे दोन बादल्यांच्या आतच. वजन चाळीस किलोच्या आसपास. तेवढ्याच जागेतल्या ब्लॉकांचं वजन सव्वा टन भरतं. सव्वा टनाला जागेवर धरून ठेवणारा हा चाळीस किलो माल सगळ्यात शेवटी येतो. तोवर ठेकेदाराचं लक्ष पुढच्या कामाकडे आणि मालकाचं लक्ष बिलाकडे लागलेलं असतं.

अशी फरसबंदी जगभर पसरली ती नेदरलँड्समधून. त्या देशातली बरीचशी जमीन मऊ आणि पाणथळ, सतत थोडी थोडी खचणारी. तिथे ताठर रस्ता केला तर तो तडकणार. म्हणून डच लोक कित्येक पिढ्या भाजलेल्या विटा वाळूवर कोरड्याच मांडून रस्ते करत आले. रस्ता खचला की विटा उचलायच्या, खाली वाळू घालायची आणि त्याच विटा पुन्हा मांडायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पडलेली घरं बांधायला विटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा रस्त्यांसाठी त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. तिथून ते जर्मनीत आणि पुढे सगळीकडे गेले. दर्जेत भरायच्या वाळूला डच भाषेत स्वतंत्र शब्द आहे, त्याचा अर्थ ‘झाडून आत घालायची वाळू’. कामाची कृती शब्दातच सांगून ठेवलेली.

वाळूच्या दर्जेचा मोठा गुण म्हणजे ती उसवता येते. पहिला ब्लॉक काढताना घाम फुटतो, पण तो एकदा निघाला की शेजारचे हाताने उचलता येतात. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरचे दगड उपसून अडथळे उभारले, तेव्हा खाली वाळूच निघाली होती. आपल्याकडे हा गुण बंडापेक्षा नळजोडणीला जास्त उपयोगी. पाइप फुटला तर चार ब्लॉक उचलायचे, काम करायचं आणि तेच ब्लॉक परत बसवायचे.

हे सगळं मला कळलं ते एक चूक पदरात पडल्यावर.

साताऱ्यात आमच्या घरापुढे चारशे चौरस फुटांचं अंगण आहे. तिथे मे महिन्याच्या शेवटी ब्लॉक बसवून घेतले. पाऊस तोंडावर आलेला. शेवटच्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी दर्जांत वाळूऐवजी पातळ कालवलेलं सिमेंट ओतलं आणि वरून खराटा फिरवला. मी विचारलं तर उत्तर तयार होतं, “ताई, एकदम पॅक करून टाकलं. गवत नाही, मुंग्या नाहीत.” मलाही ते पटलं, हे कबूल करायला हवं. फट दिसली की ती कडक काहीतरी घालून बंद करावी, असं माणसाला वाटतंच. दिवाळीपर्यंत त्या सिमेंटला केसासारख्या भेगा पडल्या, संक्रांतीपर्यंत त्याच्या खपल्या निघाल्या. ब्लॉकांच्या अंगावर सिमेंटचे करडे डाग कायमचे राहिले. आणि त्या बारीक भेगांतून गवत उगवलंच.

दुरुस्तीला आलेले मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी एक खपली बोटात धरून चुरली आणि म्हणाले, “ताई, खाली वाळू असली तर वरबी वाळू. खाली कोबा असला तर वर माल. ह्यात तिसरं काय नसतंय.” माल म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि वाळू. या विषयावर पुढे मी बरंच वाचलं, पण त्या तीन वाक्यांत नसलेलं फारसं काही हाती लागलं नाही.

कारण सोपं आहे. वाळूवर मांडलेलं अंगण हलतं. गाडी आली की दबतं, गेली की सावरतं. शिवाय ऊन आहेच. एका अंशाला काँक्रीट आपल्या लांबीच्या एक लाखांश भागाइतकं वाढतं. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत अंगणाच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात दहा मीटर लांबीचं अंगण तीन मिलिमीटर वाढतं. वाटेत शंभर दर्जा असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला मिलिमीटरचे तीन शतांश येतात. वाळूचे कण इकडचे तिकडे होऊन एवढं सहज सोसतात. सिमेंट सोसत नाही. ते एखाद-दुसऱ्या दर्जेवर सगळा राग काढतं, आणि एकदा भेग पडली की पाणी आत जातं पण वाळायला वाट उरत नाही.

शहाबादी, तांदूर किंवा कोटा फरशी कोब्यावर मालाने बसवलेली असते, तेव्हा गणित उलटं होतं. तिथे खालचं काहीच हलत नाही, म्हणून दर्जेतही मालच हवा. वाळू घातली तर ती पहिल्या पावसात वाहून जाईल. या दर्जा पुन्हा भरताना एक कंटाळवाणं काम कुणालाच करायचं नसतं. जुना, सुटलेला माल छिन्नीने आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढणं. दर्ज जेवढी रुंद, त्याच्या निदान दुप्पट खोल खरवडायला हवी. वरच्या वर थापलेला मालाचा पापुद्रा वर्षभरात हातात येतो. खरवडल्यावर धूळ धुवून काढायची, दर्ज ओली करायची, घट्टसर माल थापीच्या टोकाने दाबून भरायचा आणि आठवडाभर पाणी मारायचं. नव्या दर्जेला उन्हात पाण्यावाचून ठेवलं तर सगळी मेहनत फुकट.

याच फरश्यांबद्दल एक इशारा देऊन ठेवते. हे तिन्ही दगड चुनखडीचे. बाथरूम धुवायचं ॲसिड त्यांच्यावर ओतलं की फसफस होते आणि बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. प्रत्यक्षात दगड विरघळत असतो, आणि दर्जेतलं सिमेंटही. काळवंडलेली शहाबादी फरशी साबणाच्या पाण्याने आणि काथ्याने घासा. वेळ लागेल, पण फरशी राहील.

जुन्या वाड्यांच्या चौकात आणि नदीच्या घाटांवर दगडांच्या दर्जांत चुना असतो. चुना सिमेंटपेक्षा मऊ. थोडं हललेलं सोसतो, आणि बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला चुनाच तिच्यात पुन्हा साकळून ती सांधतो. अशा दर्जेवर सिमेंट थापणं म्हणजे पैठणीला सुतळीने टाके घालण्यासारखं आहे. ज्यांच्याकडे असा चौक अजून शाबूत आहे, त्यांनी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा, हवं तर वर्षभर वाट बघावी.

आता आपल्या वाळूच्या दर्जेकडे परत येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत दर्जेची रुंदी २ ते ४ मिलिमीटर सांगितली आहे. यापेक्षा अरुंद दर्जेत वाळू उतरत नाही, रुंद असेल तर टिकत नाही. चांगल्या कारखान्यातल्या ब्लॉकच्या अंगावर मिलिमीटर-दोन मिलिमीटर उंचीच्या उभ्या पट्ट्या असतात, त्या नेमक्या यासाठी. ब्लॉक एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. बसवणारा ‘बघा, फटसुद्धा दिसत नाही’ असं कौतुकाने म्हणाला तर सावध व्हा.

वाळू कोणती? क्रशरवरची ‘डस्ट’ स्वस्त मिळते आणि सर्रास वापरली जाते, पण तिच्यात पिठासारखा बारीक भाग फार असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि चिखल होऊन बाहेर येतो. खाडीची किंवा समुद्राची वाळू नको, तिच्यातल्या मिठामुळे ब्लॉकवर लोणा फुटतो. धुतलेली क्रश सँड किंवा नदीची वाळू २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घेतली की काम होतं. क्रश सँडचे कण जास्त टोकदार, म्हणून ते अडकतातही जास्त. दिवाळीत रांगोळी दर्जांत जाते आणि काहींना वाटतं तीही भर झाली. ती फार बारीक असते, पहिल्या धुण्यात निघून जाते.

वाळूत माती किती आहे ते घरी पाहता येतं. सरळ उभ्या काचेच्या बरणीत निम्मी वाळू घ्या, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी भरा, जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. वाळू खाली बसते, मातीचा थर तिच्यावर. तो थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर वाळू परत पाठवा. माझ्या पहिल्या बरणीत तो बोटभर जाड होता.

नवी वाळू आली, आणि मिस्त्रींनी ती दोन दिवस ताडपत्रीवर उन्हात पसरायला लावली. ओली वाळू दर्जेच्या तोंडाशीच अडकते, वरून भरल्यासारखी दिसते आणि आत पोकळी राहते. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळू चटका बसेल इतकी तापली होती आणि मुठीतून पाण्यासारखी निसटत होती. मग ती अंगणभर टाकून खराट्याने झाडायला सुरुवात झाली. दर्जेच्या रेषेत नाही, तिरकं, म्हणजे खराट्याचे हीर आत गेलेली वाळू परत ओढत नाहीत. वाळू आत जाताना बारीक सरसर आवाज येतो. आवाज थांबला तेव्हा मला वाटलं दर्जा भरल्या. मिस्त्रींनी रबरी चटई लावलेलं प्लेट कॉम्पॅक्टर एकदा फिरवलं, आणि काठोकाठ भरलेल्या दर्जा बघता बघता बोटभर खाली गेल्या. पुन्हा वाळू, पुन्हा खराटा, पुन्हा यंत्र. तिसऱ्या खेपेला वाळू खाली जायची थांबली. त्यांनी भाजी चिरायची पातळ सुरी मागितली आणि एका दर्जेत खुपसली. पातं अर्धा सेंटिमीटर गेलं आणि अडलं. “आता बसली,” म्हणाले. यंत्र नसेल तर जाड फळी ठेवून रबरी हातोड्याने ठोकत जायचं. वेळ दुप्पट लागतो, पण लहान अंगणाला ते पुरतं.

शेवटी वाळू ब्लॉकच्या माथ्याला टेकवायची नाही, तीन मिलिमीटर खाली ठेवायची. माथ्याबरोबरची वाळू चाकांनी आणि पावलांनी उचलली जाते. आणि अंगणाची बाहेरची कड कर्बने किंवा काँक्रीटने पक्की बांधलेली हवी. कड मोकळी असेल तर शेवटची ओळ बाहेर सरकते, तिच्यामागची दर्ज उघडते, मग तिच्यामागची. स्वेटरचा एक धागा ओढल्यासारखं अंगण उसवत जातं.

परदेशात आता पॉलिमरिक सँड नावाचा माल चालतो, आपल्याकडेही तो मागवता येतो. वाळूत एक कोरडा चिकट पदार्थ मिसळलेला असतो. दर्जा भरून वर पाण्याचा बारीक फवारा मारला की वाळू एकमेकींना धरते, पण सिमेंटसारखी ताठ होत नाही. गवत आणि मुंग्यांना त्याने बराच आळा बसतो. मात्र भरताना ब्लॉक पूर्ण कोरडे हवेत, वर सांडलेला कणही झाडून काढायला हवा, नाहीतर पाणी पडताच पांढरट डाग बसतो. आणि पुढचा दिवसभर पाऊस नको. जागा सावलीची, कायम ओलसर असेल तर ती वाळू धड घट्टच होत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक अंगणांना तिची गरज नाही. तीव्र उतारावर वापरून बघायला हरकत नाही.

देखभालीत दर्जेचा पहिला शत्रू पाऊस नाही, रबरी नळी आहे. रोज सकाळी नळीला अंगठा लावून अंगण धुणाऱ्या घरात वर्षभरात दर्जा रिकाम्या होतात. सडा घालण्याने असं होत नाही. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर धार तिरकी धरा आणि नंतर वाळू भरायची तयारी ठेवा. दुसरा शत्रू पागोळ्या. छपराच्या कडेचं पाणी ज्या रेषेत पडतं, तिथल्या दर्जा चमच्याने कोरल्यासारख्या होतात. तिथे पन्हळ लावा किंवा तेवढा पट्टा खडीचा करा.

गवताबद्दलची समजूतही दुरुस्त करायला हवी. ते खालून येतं असं सगळ्यांना वाटतं. लव्हाळ्याच्या गाठी खालून येतात हे खरं, आणि हराळी कडेच्या मातीतून सरकत आत शिरते. बाकीच्यांचं बी मात्र वरून, वाऱ्याबरोबर येतं. दर्जेत साचलेल्या धुळीत आणि कुजलेल्या पानांत ते रुजतं. म्हणून खाली प्लास्टिक अंथरून गवत थांबत नाही, उलट पाण्याची वाट तेवढी बंद होते. पानं वेळच्या वेळी झाडणं आणि रोप दोन पानांचं असताना चिमटीत उपटणं, एवढं पुरतं. उकळतं पाणीही चालतं. मीठ टाकू नका, व्हिनेगर ओतू नका, दोन्ही सिमेंटच्या मुळावर येतात. मुंग्यांनी दर्जेच्या तोंडाशी वाळूची ढिगुळी केली असेल तर ती तुमच्या गादीतलीच वाळू आहे असं समजा आणि झाडून परत आत घाला.

नव्या अंगणाच्या दर्जा पहिल्या पावसाळ्यानंतर थोड्या खाली बसतातच, त्यात कुणाचा दोष नसतो. म्हणून काम संपतानाच चाळलेल्या वाळूची एक गोणी कोरड्या जागी ठेवून द्या. दसऱ्याच्या आसपास, अंगण नीट वाळल्यावर, काडेपेटीतली एक काडी घेऊन आठ-दहा ठिकाणी दर्जेत उभी धरून बघा. एक सेंटिमीटरपर्यंत आत गेली तर वर्षभर निश्चिंत राहा. त्याहून जास्त गेली तर त्याच रविवारी गोणी सोडा आणि खराटा घ्या.